काकूचा हातगुण

कुंची शिवायची म्हणजे सगळं कसब मानेशी असतं. पुढून कितीही झालर लावा, गोटा लावा, मानेशी चुण्या नीट बसल्या नाहीत तर कुंची पोराच्या डोळ्यांवर येते, नाहीतर मागं घसरते, आणि पोर रडून घर डोक्यावर घेतं. आजकाल निम्म्या पोरींना कुंची म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, म्हणून सांगते. डोक्याला टोपीसारखी बसते आणि मागं पाठीवरून पोराच्या टाचेपर्यंत येते, ती कुंची. ती मी कुठल्या शिवणाच्या वर्गात शिकले नाही. शेजारच्या काकूकडून शिकले, बोटांना सुया टोचून घेत आणि बोलणी खात.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. आमचं गाव केळझरपासून जवळच, बैलबंडी जुंपली की गप्पा रंगायच्या आत पोचायचं. तिच्या आणि आमच्या घरात एकच मातीची भिंत. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती, आणि मी असेन दहा-अकराची. शाळा सुटली की मी आमच्या घरी न जाता तिच्या ओसरीवर जायची. ती सुपात चिंध्या घेऊन बसलेली असायची आणि तिच्या अंगाभोवती सुताचे तुकडे पडलेले असायचे.

"हे काय व? टाके घातले का बैल मुतत गेला?" हे तिचं कौतुक. वाईट शिवलं की मग नुसतं एकच म्हणायची, "उसव." मी चिडायची. मी पहिल्यापासून तापट, नाकावर राग. कापड फेकून घरी यायची, आणि आल्यावर माय म्हणायची, "गेलतीस कायले मग?" की पुन्हा तणतणत तिच्याकडं.

काकूचे नियम मोजके पण कडक. तान्ह्या पोराच्या कपड्याची शिवण बाहेरून, गाठ बाहेरून. "आतून मऊ, बाहेरून कसंही असो. लोकाईले दिसलं तर दिसलं, लेकराले टोचलं नाई पाहिजे." गुंड्या लावायच्या नाहीत, बंद लावायचे. पहिलं अंगडं नव्या कापडाचं कधीच नाही. घरातल्या म्हाताऱ्याचं धोतर धुऊन धुऊन विरलेलं असतं ना, ते. आणि सगळ्यात मोठा नियम तर गावाचाच होता. पोर जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. पोटातल्या पोरासाठी कपडा शिवणं म्हणजे देवासमोर आगाऊपणा. त्यामुळं कुणाच्या घरी पोर झालं की काकूची धांदल उडायची. पाचवीच्या आत अंगडी-टोपरी, आणि बारशापर्यंत कुंची, दुपटं, शिवाय पाळण्यावर टांगायला कापडाचे पोपट. त्या पोपटांत भरायला ती वेचणीतला मऊसूत कापूस निवडून गाडग्यात घालून ठेवायची. पोपटांच्या चोची लाल खणाच्या, डोळे काळ्या दोऱ्याचे. माझ्या वाट्याला डोळे यायचे. "डोळा वाकडा काढला तर लेकरू तिरळं पाहन," असं म्हणून ती मला भेवाडायची आणि स्वतःच हसायची.

काकूला स्वतःचं पोर एकच झालं होतं, मुलगा. माझ्या जन्माआधीच तो काही महिन्यांचा होऊन गेला, आणि पुन्हा तिची कूस उजवली नाही. हे तिनं मला एकदा कापड कापता कापता सांगितलं होतं, आज हवा पडली आहे म्हणावं तितक्या साधेपणानं. आणि लगेच म्हणाली, "दोरा दे."

पण तेव्हा गावात कुणी त्या गोष्टीचा बाऊ करत नसे. उलट सगळ्या म्हणायच्या, काकूचा हातगुण चांगला, तिच्या हातची कुंची घातलेलं पोर धडधाकट निघतं. पार सिंदीपासून एक बाई पोराला घेऊन आली होती. पोर किरकिरं, हाडंच हाडं. काकूनं त्याला अंगडं शिवून दिलं आणि वर म्हणाली, "बाई, याले कपडा नाई, दूध पाहिजे. घरी गाय आहे का?" ते पोर पुढं चांगलं गुबगुबीत झालं, आणि नाव झालं अंगड्याचं. काकू म्हणायची, "हातगुण कायचा? माह्या हातात काय आहे? मी शिवतो तेवढं. जगवतो देव, नाई तर गाय." (आमच्याकडच्या बायका करतो-जातो असंच बोलतात. पुण्याची माणसं हसतात. हसू देत.) असं म्हणायची खरी, पण गल्लीतून एखादं पोर तिच्या हातचं अंगडं घालून दुडुदुडु पळालं की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. हातातलं काम थांबवून ती त्याच्याकडं, ते वळणावर दिसेनासं होईपर्यंत बघत राहायची.

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, आष्टीला दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण आमच्या घरी झालं. मुलगी झाली. गोरी, नाक असं धारदार! काकूनं तिच्यासाठी लाल खणाची कुंची शिवली, काठाला जरीची पट्टी लावली. अशी कुंची गावात त्याआधी झाली नव्हती. ताई पोरीला घेऊन सासरी गेली तेव्हा सगळा मोहल्ला बघायला आला होता. दिवाळीच्या आधी आष्टीहून निरोप आला. पोरीला ताप भरला, वर्ध्याच्या डॉक्टरकडं नेलं, पण उशीर झाला.

दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. पुन्हा काकूचीच कुंची, या वेळी हिरवी. तो चांगला बसायला लागला होता, आणि उन्हाळ्यात हगवण लागून गेला. त्या वेळी ताई माहेरी आली ती महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडली. तिची छाती दुधानं भरून यायची आणि माय ते दूध न्हाणीत पिळायला लावायची. मला ते बघवत नसे. काकू तर दोन दिवस जेवली नाही. ताईच्या पाठीवरून हात फिरवत बसायची.

तिसऱ्या खेपेला ताईला सातव्या महिन्यात तिची सासू स्वतः घेऊन आली. आमच्या विहीणबाई बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की ठरवलं. जेवणं झाली. मी पानं उचलत होते. सुपारी कातरता कातरता त्या मायला म्हणाल्या, "या टाइमले एक माह्यं ऐकान का? लेकराले नवा कपडा नाई. मांगल्या चिंध्याईचा शिवा. जिच्या घरची सारी लेकरं जगली, तिच्याच घरून चिंधी आना. आन् शिवाले हातही तसाच पाहिजे. तुमची चारही जगली. तुम्हीच शिवा."

ही रीत आमच्याकडं होतीच. ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथल्या पोराला मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं घालायचं. पोर जणू आपलं नाहीच, भिक्षेचं आहे, त्याच्याकडं कशाला कुणी बघेल. मायनं मान हलवली. मग विहीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या तुमच्या जाऊबाईचा दोरासुद्धा नको. मी तिले नावं नाई ठेवत. पन दोनदा झालं ना? तिचं सोताचं एक, आन् आपले दोन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तर म्हणे फांदी कावळ्यानं मोडली! गावातली इतकी पोरं तिच्याच अंगड्यात वाढली, ती कुणाच्या हातगुणानं वाढली? मी पानं तिथंच आपटली. "काकूनं का मारलं का त्याईले?" असं ओरडले. मायनं मला दंडाला धरून मागच्या दारी नेलं आणि एक ठेवून दिली. पण विहीणबाईंना काय म्हणणार? त्यांनी दोन नातवंडं आपल्या हातांनी मातीत ठेवली होती. त्या बाईचेही डोळे रडून रडून खोल गेले होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माय काकूला सांगेना. आज सांगते, उद्या सांगते. आणि इकडं काकूची तयारी चालू. शिवायचं नव्हतं, पण बाकी सगळं करायला कोण अडवणार? काकाचं एक जुनं धोतर तिनं रिठ्यानं धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलं. कापूस निवडला. ताईला विचारून गेली, या वेळी कुंची पिवळी करू का? ताई खाली बघून "हाव" म्हणाली. काकू गेल्यावर मी ताईकडं वळले, "तू काऊन बोलली नाई?" तर ती रडायला लागली. "मी काय करू? मले काकू मायवानी आहे. पन मले आता तिसरं मातीत नाई द्यायचं व. कोनी म्हनन दगड चाट, तर मी दगड चाटीन." तिच्याशी भांडायला गेलेली मी तिच्याजवळ बसून राहिले.

मुलगा झाला. भरल्या अंगाचा, आणि रडणं असं की शेजारच्या ओसरीवर ऐकू गेलं असणार. काकू दुसऱ्याच दिवशी सकाळी सूप घेऊन आली. त्यात धुतलेलं धोतर, पिवळा खण, कात्री, सुयांची डबी. डोक्याला तेल लावून, नवं लुगडं नेसून आली होती. माय बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. बाजूला झाली नाही.

"सरक की व," काकू हसत म्हणाली.

मायनं मग सगळं सांगितलं. इतके दिवस जीभ उचलत नव्हती, आणि आता एका दमात सांगून टाकलं. चिंध्यांचं, विहीणबाईंचं, दोराही नको म्हणाल्या त्याचं. काकू ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, कुठं जावं ते न कळल्यासारखं थोडा वेळ तिथंच राहिलं.

"तुलेही तसंच वाटते का?" तिनं विचारलं.

"मले काई नाई वाटत," माय म्हणाली. "मी पोरीचं तोंड पाहतो."

"बराबर आहे," काकू म्हणाली. मग डबी उघडून तिनं एक बारीक सुई काढली. "हे घे मग. तुही सुई गोनपाटाची आहे, जाड. लेकराच्या कपड्याले मोठाले भोकं पडतीन."

मायनं हात पुढं केला नाही. ती रडत होती. "सुईही नको म्हनलं त्याईनं."

काकूनं सुई परत डबीत ठेवली. झाकण तिला लागेना. मी ते लावून दिलं. ती सूप घेऊन निघाली, आणि अंगणातून वळून म्हणाली, "गाठ बाहेरून ठेवजो." एवढंच. मी मायला त्या दिवशी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. मायनं मला मारलंसुद्धा नाही.

मग आम्ही दोघी चिंध्या मागायला निघालो. रीतीप्रमाणं पदर पसरून दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, लेकरासाठी चिंधी वाढा. बायका आतून पोराच्या जुन्या कपड्याचा तुकडा आणून पदरात टाकायच्या. कुणी परकराचा, कुणी सदऱ्याचा. प्रत्येक घरी मायच्या पदराला हात लावून म्हणायच्या, जगन, जगन. परतीची वाट काकूच्या दारावरून होती. माय पावलं अडखळत टाकायला लागली, की आता ती ओसरीवर बसलेली असेल, तिच्यासमोरून भरला पदर घेऊन कसं जायचं? पण काकूनं दार लावून घेतलं होतं. भर दिवसा तिचं दार मी कधी लावलेलं पाहिलं नव्हतं. आम्हाला अवघड वाटू नये म्हणून लावलं होतं ते. माझी माय तिथं क्षणभर थांबली, आणि मग डोळे पुशीत घरात शिरली.

मायच्या हाताला शिवण येत नव्हती. कापूस वेचावा मायनं, भाकरी थापावी मायनं, शेणानं अंगण सारवावं तर आरशासारखं. पण सुई हातात आली की तिला घाम फुटायचा. मी शिवते म्हटलं, तर मलाही नको. लग्न न झालेल्या पोरीचा हात चालत नाही. शेवटी जे काय झालं ते असं की एक बाही लांब, एक आखूड, कुंचीला एका अंगानं चुण्या आणि एका अंगानं सपाट. म्हाताऱ्या बायका बघून खूश. "वेडंवाकडं आहे ते बरं आहे. नजर नाई लागत." मला रडावं की हसावं कळेना. ज्या हातांना शिवता येत होतं ते भिंतीपलीकडं रिकामे बसले होते.

बारशाला काकू आली. बोलावणं होतं, आणि न आली असती तर लोकांनी तेही बोलून दाखवलं असतं. मागं, बायकांच्या पाठीमागं उभी राहिली. पोराला कुंची घातली, बंद बांधले, आणि पोरानं जो टाहो फोडला तो थांबेना. लालबुंद झालं. ताई घाबरली, विहीणबाई घाबरल्या. कुणी म्हणे पोट दुखतं, कुणी म्हणे नजर. सगळ्यांच्या मागून काकूचा आवाज आला, "मानेजवळची टीप उसव. बोटभर. गया दाबून राह्यला त्याचा." कुणी हललं नाही. मीच पुढं घुसले आणि दातानं दोरा तोडून गळ्याशी काचणारी टीप उसवली. पोर गप्प झालं. ताईनं मान वर करून काकूला शोधलं, पण ती तोवर निघून गेली होती.

पोर जगलं.

हे मी आनंदानं लिहिते आहे, गैरसमज नको. माझा भाचा आहे तो, त्याच्यावर माझा जीव. दिवाळी आली, निरोप आला, पोर चांगलं आहे. संक्रांत आली, पोर रांगतं. उन्हाळा आला, आम्ही सगळी श्वास धरून बसलो होतो, आणि उन्हाळाही गेला. पहिला वाढदिवस झाला. आष्टीहून खबर आली की काकू सगळ्यात आधी धावत यायची. "चालून राह्यला म्हनता? अव माय!" म्हणून गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवायची. तिचा आनंद खरा होता. त्यात जर खोट असती तर मला सोपं गेलं असतं.

कारण त्याच्या प्रत्येक पावलागणिक गावाचा निकाल पक्का होत होता. बघा, तिचा हात लागला नाही आणि पोर जगलं. आता काय बोलायचं? मी भांडायची पनघटावर, भांडायची कापसाच्या शेतात. म्हणायची, तुझं पोर कुणाच्या अंगड्यात वाढलं ग? तर समोरची बाई म्हणायची, माझ्या नशिबानं वाचलं. काकूची सुटका एकाच गोष्टीनं झाली असती, आणि ती गोष्ट मनात आणायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती, माझी नाही आणि काकूची तर नाहीच. आमच्या घरात ज्या सुखासाठी सगळी देवाला हात जोडत होती, त्याच सुखानं तिला दोषी ठरवलं. यात शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

बायका येईनाशा झाल्या. आधी सबबी होत्या. सासूनं शिवलं, सिंदीच्या शिंप्याकडून आणलं, तुला कशाला त्रास. मग सबबीही राहिल्या नाहीत. कुणाच्या घरी पोर झालं की काकू ओसरीवर बसून दोन दिवस वाट बघायची, आणि मग उगाच धान्य निवडायला घ्यायची. काका साधा माणूस, तो एकदा चावडीवर कुणाशी तरी भांडून आला. काकूनं त्यालाच झापलं, "गप बसा. लोकाईच्या लेकराचा सवाल आहे." पोपट करायचा कापूस तिनं वातींना वापरून टाकला. मला मात्र शिकवायची. माझ्या टाक्यांवर नजर ठेवायची, "उसव" म्हणायची. पण स्वतः टाका घालायची नाही.

काही वर्षांनी माझं लग्न झालं, आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मला मुलगी झाली. तोवर ताईचा मुलगा शाळेत जायला लागला होता. मी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, माझ्या पोराला काकूच्याच हातची कुंची, नाहीतर नागडं राहील. माझ्या सासरी असलं कुणी मानत नव्हतं, आणि नवरा म्हणाला होता, तुझं तू बघ. बाळ झाल्यावर मायच उठली आणि म्हणाली, "आनतो तिले." आणि स्वतः जाऊन काकूचा हात धरून तिला घेऊन आली. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात माय बाजूला झाली. "ये," म्हणाली. "माह्यं चुकलं व."

"तुह्यं काय चुकलं?" काकू म्हणाली. "तुह्या पोरीचं पोट्टं घोड्यावानी पयते."

ती आत आली, माझ्या बाजेशेजारी बसली. केस बरेच पिकले होते. मी उशाखालून खण काढला, जांभळा, मी वर्ध्याहून मुद्दाम आणलेला. सुई दिली, दोरा दिला. काकूनं दोरा एका फटक्यात ओवला. खण मांडीवर पसरला, त्यावरून तळवा फिरवला, मानेच्या जागी घडी घातली, बोटानं चुण्या पाडल्या. इतक्या वर्षांत काही विसरली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी रडायला लागले. माय दारात उभी होती, तीही रडत होती. काकूनं सुई कापडाला लावली.

आणि ती तिथंच थांबली. मी वाट बघितली. सुईचं टोक कापडावर, बोटं त्यामागं, आणि काही पुढं सरकेना.

"काकू, टाक ना टाका," मी म्हटलं.

"टाकतो."

नाही टाकला. मग माझा तोल गेला. मी तशी ओली बाळंतीण, पण ओरडलेच. ताईच्या पोरीला तापानं नेलं, पोराला हगवणीनं. तुझ्या हातानं काय झालं? डॉक्टरनं सांगितलं नव्हतं का? गाव येडं आहे, तू पण येडी का? मला काही वाटत नाही. माझ्या मनात एवढीशी शंका नाही. बघ माझ्याकडं, आहे का?

काकूनं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मी नजर हलवली नाही. खरंच माझ्या मनात काही नव्हतं, आणि तिला ते दिसलं.

"हाव," ती म्हणाली. "तुले खात्री आहे. मलेच नाई व."

तिनं सुईतून दोरा ओढून काढला, खणाची घडी घातली आणि माझ्या उशाशी ठेवला. माझं सगळं भांडण गावाशी होतं, विहीणबाईंशी होतं, मायशी होतं. या भांडणाला मी कुठं जाणार होते?

बाळ जागं झालं, हातपाय हलवायला लागलं. मी म्हटलं, निदान हिला घे तरी. काकू उठली. दोन्ही हात पदराखाली घेतले, आणि तशीच वाकून, लांबूनच, माझ्या पोरीकडं पोटभर पाहत राहिली.